जिवंत बाईचा टाक

अविधवा नवमीला मी नाणे मावळातल्या एका घरी गेले. त्या घरातल्या माणसानं मला सांगितलं की माझी आजी माझ्या आईच्या जन्माआधी मेली होती. तो बसून बोलत होता. मी उभी होते.

घर वडिवळ्याच्या पुढे आहे, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे फरशीचा ओटा, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर घरातले आणि भावकीतले पुरुष. मधल्या खुर्चीत थोरले. सत्तरी ओलांडलेले, पांढरे कपडे, पायात मोजे. त्यांच्या मागच्या भिंतीवर वंशवृक्षाचा फ्लेक्स लावलेला. झाडाला पानं पुष्कळ होती आणि प्रत्येक पानावर एकेका पुरुषाचं नाव होतं.

मी त्यांना मामा म्हटलं. मला सख्खा मामा नाही, चुलतही नाही. तो शब्द मी कुणाला उद्देशून कधी वापरलेला नव्हता. तोंडातून तो नीट निघाला नाही.

"मामा म्हणू नका," ते म्हणाले. "आमच्या बहिणी तीन. तिघी आपापल्या घरी सुखी हायत."

मी आजीचं नाव सांगितलं. गजरा. ते फ्लेक्सकडे बघत राहिले. मग मी तिचं माहेर सांगितलं. उर्से.

"उर्सेकरीण व्हय. ती आमच्या आईच्या आधीची. वारली ती. आईच्या गळ्यात टाक हाय तिचा. आता मेलेल्या बाईला लेक कशी हुईल, तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या."

"झाली असंल की, पिंपळावर," मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं.

ओट्यावर हसू फिरलं. थोरलेही हसले, पण थोडंच, पाहुण्यासमोर हसावं तसं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. त्यांना वाटेतला लाल चिखल लागला होता. वर येताना त्या काढायच्या की नाही, तेसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा नखाएवढा पत्रा. त्यावर ठोकलेली बाईची आकृती. मेलेलीचा जीव नव्या संसारात घुटमळू नये, नव्या लेकरांना तिची नजर लागू नये, म्हणून. दुसरी बायको नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवते, मग नेसते. घासही आधी त्याला दाखवते. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पान वाढतात. त्या पानावर एखादी सवाष्ण बसवून जेवू घालतात. तिची ओटी भरतात.

टाकावरच्या बाईला कुणाचाच चेहरा नसतो. सोनाराकडे एकच साचा असतो. मेलेल्या सगळ्या बायका त्या एका साच्यातून निघतात.

माझ्या आजीचा टाक केला तेव्हा आजी जिवंत होती.

ती खंडाळ्यात एका बंगल्यावर कामाला होती. बंगल्याच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या. त्यातल्या कडेच्या खोलीत तिनं माझ्या आईला वाढवलं, आणि पुढे माझेही पावसाळे तिथंच गेले. आजी कमी बोलायची. बंगल्यातल्या बाईंसमोर तर अजिबात नाही. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की ती काम लवकर उरकायची, अंघोळ करायची आणि तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी असा स्वयंपाक करायची. केळीच्या पानावर वाढून घ्यायची. मांडी घालून सावकाश सगळं खायची. शेवटचा खिरीचा थेंबसुद्धा बोटानं पुसून. मी शेजारी बसलेली असायचे. मला वाटायचं, तिचा वाढदिवस असेल.

"आज तिकडं माझं पान वाढलंय," ती म्हणायची. "हितं मी जेवते."

तिकडं म्हणजे कुठं, ते तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी आई दारात उभी राहून बाहेर बघायची आणि जेवायला बसायची नाही. बाहेर धुकं दरीतून वर चढत यायचं. आजीच्या जेवण्याचा तेवढा आवाज.

मी कॉलेजात होते तेव्हा आजी गेली. मग तो स्वयंपाक बंद झाला.

आई यंदा आषाढात गेली. शेवटच्या आजारात तिनं मला ते सांगितलं जे मी तिला आधी कधीतरी विचारायला हवं होतं. आजीचं लग्न त्या घरात झालं. काही वर्षं मूल झालं नाही. घरानं दुसरी बघितली. पण पहिली नांदत असताना मुलगी द्यायला तिकडचे तयार नव्हते. म्हणून पहिलीला माहेरी म्हणून धाडलं आणि ती तापानं गेली असं दुसरीच्या बापाला कळवलं. खात्री म्हणून टाक करून घेतला. आजी उर्सेला पोहोचली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिला स्वतःलाही ते नुकतंच कळलं होतं. उर्सेच्या भावानं तिला ठेवून घेतलं नाही. त्याचं लग्न तिच्या सासरच्याच शब्दावर ठरलेलं होतं. टाक केल्याचं तिला त्यानंच सांगितलं. दारात उभं राहून.

आई सात वर्षांची झाल्यावर आजी तिला एकदा तिकडे घेऊन गेली. शाळेत घालायचं होतं, बापानं लेक बघावी एवढंच तिला हवं होतं. बाप ओट्यावर बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. त्या दोघी रस्त्यावर उभ्या राहिल्या. आजीनं आपलं नाव सांगून हाक मारली. त्यानं वर न बघता सांगितलं, या नावाची बाई या घरात मेली. आणि तो दुसऱ्या शिंगाला तेल लावू लागला.

आईला त्या तेलाचा वास आयुष्यभर आठवत राहिला. माणसाचा चेहरा आठवला नाही.

"मला त्याच्या नावाचं पाणी नको," आई म्हणाली. "जमीन नको, काय नको. ती मेली नव्हती, एवढं तिथं जाऊन कुणीतरी सांग."

बाजू वडिवळ्याची एवढंच तिला माहीत होतं, गाव नाही. सात वर्षांच्या मुलीला आठवेल तेवढंच आठवत होतं. मोठा उतार, विहिरीजवळ चिंच, भाताची खाचरं. तेव्हा धरण नव्हतं. आता त्यातलं किती पाण्याखाली असेल कोण जाणे. आडनाव माहीत होतं, पण मावळात त्या आडनावाची घरं गावोगाव आहेत. उर्सेला आजीच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. शोधायची मला सवय आहे. मी वडगावला कचेरीत गेले. जुने उतारे काढले. तिथं पणजोबा, खापरपणजोबा सापडतात. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, अशी सरळ उतरण. बायका नाहीत. मग मी गावागावातल्या म्हाताऱ्यांना भेटू लागले. त्यांना सात पिढ्यांतले पुरुष तोंडपाठ होते. बायकांचं विचारलं की ते थांबायचे. लेकी होत्या दोन, म्हणायचे. किंवा, होती की बायको, असंलच.

गजरा नावाची कुणी सून होती का, असं मी विचारत फिरत होते. सगळीकडे नाही असं उत्तर मिळालं. यात माझी चूक होती, आणि ती शिकलेल्या बाईची चूक होती. मावळात सुनेला सासरी नावानं कोण हाक मारतं? ती ज्या गावाहून आली त्या गावाची असते. कामशेतच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका मावशींशी बोलताना त्या सहज म्हणाल्या, आमची करुंजकरीण परवा पडली. मी दुसऱ्या वाक्याला त्यांना विचारलं, जुन्या काळी उर्सेकरीण कोण होती, वडिवळ्याच्या बाजूला?

मावशींनी बांगड्यांवरचा हात काढून घेतला.

"ती मेलेली? तिचा टाक हाय की म्हातारीच्या गळ्यात. लय कडक म्हणत्यात. कशाला काढताय तिचं?"

अशी मला माझी आजी सापडली. लोक तिला घाबरत होते.

त्या घरच्या मुलानं, म्हणजे थोरल्यांच्या मुलानं, भावकीचा एक गट काढला होता मोबाईलवर. कुणाकडे जुन्या पिढ्यांची माहिती असेल तर कळवावी. मावशींच्या जावयानं मला त्या गटात घेतलं. मी लिहिलं की मी उर्सेकरणीची नात. संध्याकाळी निरोप आला. नवमीला या, समक्ष बोलू.

तर मी ओट्यावर उभी होते आणि हसू थांबलं होतं.

थोरले पुढे वाकले. आवाज मऊ केला. आजूबाजूला काय चाललंय ते त्यांना माहीत असल्याचं, धरणाकाठची जागा बंगल्यांसाठी सगळेच मागत असल्याचं आणि अशा वेळी कुठून कुठून नातलग उगवत असल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मला जागा नको. आजी मेली नव्हती, एवढं या घरानं ऐकावं. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलानं खांदे उडवले.

आतून खिरीचा वास येत होता. वेलदोडा, दूध, तांदूळ. बंगल्यामागच्या खोलीत यायचा तोच वास.

तेवढ्यात आतली सून दारात आली. सवाष्ण म्हणून ज्यांना सांगितलं होतं त्या आल्या नव्हत्या आणि आता यायच्या नव्हत्या. गावातली दुसरी कुणी या पानावर बसायला तयार होत नाही, असं ती हळू आवाजात सासऱ्याला सांगत होती. थोरल्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग गळ्याकडे.

"तुमी सवाष्ण हाय ना? मग तुमीच बसा की पानावर. तुमचीच आजी म्हणताय. पोटभर जेवा, ओटी घ्या, साडी घ्या. आणि मग हा इषय हितंच संपला. पुन्हा या रस्त्याला यायचं न्हाई."

खुर्च्यांवरची माणसं बघत होती. कुणाला तरी ही युक्ती फार आवडली होती, तो मान हलवत होता.

मी खरं सांगते, माझा एक पाय उचलला गेला. मला लहानपणापासून सांगितलेलं ऐकायची सवय आहे. बंगल्याच्या मागच्या दारानं जायची, भांडं वेगळं असलं तर तेच उचलायची, कुणी बस म्हटलं की कडेला बसायची. त्या पानावर बसले असते तर मला जेवण मिळालं असतं. आणि आजी मेली असती. त्या घरानं तिला एकदा मारली होती. दुसऱ्यांदा मी मारली असती, खीर खाऊन.

मी पाय खाली ठेवला.

"या पानावर मी बसणार नाही," मी म्हटलं. "हे पान जिच्या नावाचं आहे ती या दिवशी खंडाळ्यात जेवत होती. दर वर्षी. मी तिच्या शेजारी बसून बघितलंय. तिनं माझ्या आईला जन्म दिला, वाढवलं, माझ्या केसांना तेल लावलं. तुमच्या घरानं जिवंत बाईचा टाक केला."

माझा आवाज मोठा नव्हता. तो मोठा होतच नाही.

"खरं हाय तिचं."

हे आतून आलं. दाराच्या आत, देव्हाऱ्याच्या खोलीत, खाटेवर एक म्हातारी बसली होती. इतका वेळ मी तिला कपड्यांचं गाठोडं समजले होते. थोरल्यांची आई. आजीच्या जागी आणलेली. हाताची बोटं गळ्याशी होती, आणि बोटांच्या मध्ये ते चांदीचं होतं.

थोरले म्हणाले, आई, गप. ती गप बसली नाही. तिला बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून ती थोडं थोडं बोलली. तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नाचं सामान आणायला ती आणि नवरा लोणावळ्याला गेले होते. नवरा दुकानात होता, ती बाहेर. हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई समोर येऊन थांबली आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिली.

"जड हाय का गं, म्हणाली मला. एवढंच. आन मग दुकानात ह्यांच्याकडं बघितलं तिनं. ह्यांनी पाठ फिरवली. तवा मला कळलं."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, तो वेडी बाई म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. टाक काढलाही नाही. का काढला, हे सांगावं लागलं असतं. नवरा गेल्यावर खरं तर ही नवमी बंद होते. तिनं ती बंद होऊ दिली नाही. बाई जिवंत आहे, मग तिला जेवायला तरी घालू दे, एवढंच तिला सुचलं. कौलावर ठेवलेल्या त्या घासाला वर्षानुवर्षं कावळा शिवत नव्हता. घरातले म्हणायचे, सवत कडक आहे. तिला कारण माहीत होतं. मग ओढ्यावरचा पूल वाहून गेला त्या साली कावळा आला आणि घास घेऊन गेला. त्या दिवशी ती मागच्या दारी बसून रडली.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण नंतर चौकशी केली, तर ओढ्याचा पूल ज्या पावसाळ्यात गेला त्याच पावसाळ्यात आजी गेली होती. हे मी आहे तसं लिहून ठेवते.

म्हातारी गळ्यातला दोरा काढू बघत होती. बोटांना गाठ सापडत नव्हती. सुनेनं तिचे हात धरले आणि मांडीवर दाबून ठेवले.

"आईला हल्ली भ्रम हुतो," थोरले सगळ्यांना म्हणाले. "कालच मला चुलत्याच्या नावानं हाक मारली."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकलेलं नाही असं होताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, फार वेळ लागला नाही त्याला. कुणीतरी उठून देव्हाऱ्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. आतून सुनेनं कडी घातल्याचा आवाज आला.

मी रिक्षाकडे निघाले. थोरल्यांचा मुलगा माझ्याबरोबर चालत आला. त्यानं छत्रीसुद्धा धरली माझ्यावर.

"मॅडम, तुमचं घर खंडाळ्यात, रेल्वेलाइनच्या खालच्या अंगाला ना? मिस्टर सकाळी फिरायला जातात तुमचे. धुकं असतं तिथं, गाड्या दिसत नाहीत. जपायला सांगा त्यांना."

तो हसून बोलत होता. रिक्षावाला समोर बघत राहिला. त्यानं माझ्याकडे कामशेत येईपर्यंत आरशातूनही बघितलं नाही. धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेनं बराच वेळ सोबत होतं, तपकिरी, भरलेलं.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रेल्वेत नोकरी केलेला माणूस आहे, धुक्यात रूळ बघायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, फिरायला तर मी जाणार. तो रोज जातो. तो परत येईपर्यंत मी दारात असते. कधी कधी घराच्या वरच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबलेली असते, इंजिन चालू ठेवून. कुणाची आहे मला माहीत नाही. पर्यटकांचीही असेल.

त्याच रात्री मला गटातून काढलं गेलं. दिवाळीच्या आधी म्हातारी गेली. कामशेतच्या मावशींनी सांगितलं, ते सांगताना त्या इकडेतिकडे बघत होत्या. राखेबरोबर टाकही धरणात सोडला. घरात आता नवमी करायची नाही असं ठरलं आहे. कुणासाठी करायची, म्हणाले.

बरोबर आहे. आधी त्यांनी ती मेली म्हणून टाक केला. आता टाक नाही, म्हणजे ती झालीच नव्हती. त्या फ्लेक्सवर तिचं पान कधी नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात ती होऊन गेल्याची एकच खूण होती, ती नखाएवढी होती, आणि तीसुद्धा खोटी होती. तीही त्यांना जड झाली.

मी अनेक दिवस ही कहाणी कुणाला सांगावी याचा विचार करत होते. वकिलाला, वर्तमानपत्राला, भावकीला. आता तो विचार करत नाही. आईनं मला एकच काम सांगितलं होतं आणि ते एकदा करून संपणारं नाही, हे मला उशिरा समजलं. ऐकलेलं नाही असं करायला त्यांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत मला पुन्हा सांगावं लागेल.

पुढच्या अविधवा नवमीला मी त्या गावात जाणार आहे. ओट्यावर चढणार नाही. आई सात वर्षांची असताना जिथं उभी होती त्या रस्त्यावर उभी राहणार आहे. आजीचं नाव घेणार आहे, तिचं माहेर, मग आईचं नाव, मग माझं. मोठ्यानं. आवाज मोठा होत नसेल तर शिकून घेईन. दार लावलं तर लावू देत. त्यानंतरच्या नवमीलाही जाईन. घरी येऊन खीर करीन, वडे करीन, आणि जेवीन.

आजी नाही. आई नाही. त्या घरात आजीला जिवंत पाहिलेली एकच बाई होती, तीही नाही. टाक पाण्यात आहे. ती मेली नव्हती हे माहीत असलेली आता मी आहे.